सहा फुटांचा तुकडाही कापून देणारं दुकान

लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेच्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यानं आत शिरलं, की पुढच्या बोळात पाइप-फिटिंगचं एक जुनं दुकान आहे. दारात पाइपांच्या चवडी, आत छतापर्यंत लाकडी खण, खणांत एल्बो, टी, कपलर, एंड कॅप. पाटीवरचा रंग उन्हानं पार उडालाय, त्यामुळं दुकानाचं नाव कुणी घेत नाही. 'पाइपवाले मामा' म्हणून विचारलं की लहान लेकरूही बोट करून दाखवतं. नोव्हेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात मी तिथं अकरा वेळा गेले. एकदाही माझ्या कामासाठी गेले नाही. ग्राहक माझी थोरली होती, १४ वर्षांची, आणि मी तिच्या सोबतीला. लातुरात पाइप कुठंही मिळतात. पण १४ वर्षांच्या पोरीला ग्राहक समजून तिच्याशी बोलणारं दुकान मला हे एकच सापडलं, म्हणून हे लिहिते.

मी घरी ब्लाऊज शिवते. आमचे हे एसटीवर ड्रायव्हर आहेत, मुक्कामी गाडी असली की दोन-दोन दिवस घरी नसतात. थोरली पाचवीपासून स्काऊट-गाईडमध्ये गाईड आहे. प्रवेश झाला, एकामागून एक सोपान, म्हणजे गाईडच्या परीक्षांचे टप्पे, झाले, गाठींचा सराव करताना माझ्या शिलाई मशीनचा एकही पाय तिनं दोरीविना ठेवला नाही. नववीत त्यांच्या मोगरा संघाची ती नायिका झाली. दिवाळीची सुट्टी संपल्यावर गाईड कॅप्टन बाईंनी मुलींना मोठं सेवाकार्य हाती घ्यायला सांगितलं. एका दिवसाची झाडलोट आणि फोटो, असलं काम त्यांना चालणार नव्हतं. काम मुलींनी शोधायचं, पैसा मुलींनी उभा करायचा, आणि झालेली वस्तू वर्षभरानंतरही कुणाच्या तरी उपयोगाला आली पाहिजे. पालकांना बोलावून बाईंनी आम्हाला एवढंच सांगितलं, "त्यांना करू द्या. तुम्ही करून देऊ नका."

हे ऐकताना सोपं वाटतं. दहा महिने पाळताना माझा जीव किती वेळा वरखाली झाला, ते पुढं येईलच.

काम तिनं माझ्या माहेरी शोधलं. औसा रोडनं १४ किलोमीटरवर आमचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला दोन खोल्या, वर पत्रा. बोअर फेब्रुवारी संपता संपता गचके खायला लागतो. मग खिचडीची भांडी धुवायला पाणी नाही, संडासाला कुलूप. आणि पावसाळ्यात त्याच पत्र्यावरून मागच्या बाजूला धो धो पाणी पडून पाया उकरला जातो. मी त्याच शाळेत शिकले. ती पागोळी मी लहानपणापासून बघत आले आणि त्याखाली हात धरून खेळलेही. हे पाणी धरता येईल, असं माझ्या मनात कधी आलं नाही. तिच्या आलं.

तिला २०१६ चा उन्हाळा आठवतो. सहा वर्षांची होती. मांजरा धरण कोरडं पडलेलं, एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा मी तिला घागरीवर बसवून रांगेत नंबर धरायला ठेवायचे, कारण रिकामी घागर लोक सरकवतात, पण लेकरू बसलेली घागर सरकवत नाहीत. ती हे कधी बोलली नव्हती. सेवाकार्याच्या नोंदवहीत पहिल्या पानावर 'हे काम का निवडले' याखाली तिनं घागरीचं लिहिलं होतं. मी ते वाचून मशीनवर तशीच बसून राहिले.

आता दुकानाचं. आधी आम्ही दुसऱ्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. ती बोलत होती आणि काउंटरवरचा माणूस माझ्याकडं बघून उत्तर देत होता. मी म्हटलं, तिलाच सांगा, काम तिचं आहे. तर म्हणाला, "मग पप्पांना घेऊन ये." पोरगी बाहेर येईपर्यंत काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आई, पप्पांना पाइपातलं काही कळत नाही." खरंच होतं ते. त्यांना स्टिअरिंग कळतं.

मामांकडं गेलो ती दुपारची वेळ होती. साठीच्या पुढचा माणूस, डोळ्यावर जाड भिंग, अंगात पांढरा सदरा. मी मुद्दाम मागं थांबले.

"काय पाहिजे बाई?"

"पन्हळ पाहिजे. शाळेच्या पत्र्याला लावायची आहे. पावसाचं पाणी टाकीत न्यायचंय."

"छप्पर किती बाय किती?"

"मोठं आहे. दोन खोल्यांचं."

"मोठं म्हंजे किती? उतार एकीकडं का दोन्हीकडं? मागची भिंत किती उंच? टाकीचं तोंड जमिनीपासून किती फुटावर? पाणी कोणत्या कोपऱ्यातून खाली उतरवायलीस?"

तिला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मामांनी एक रिकामं खोकं फाडलं, त्याच्या पुठ्ठ्यावर छपराची आकृती काढली, प्रत्येक रेघेपाशी प्रश्नचिन्ह केलं आणि पुठ्ठा तिच्या हातात दिला. "हे मोजून आण माय. आज काही घेऊ नको." माझ्या पर्समध्ये पैसे होते. त्यांनी एक रुपयाचा माल विकला नाही. तो पुठ्ठा अजून आमच्या घरी आहे, नोंदवहीला टाचून.

पुढच्या रविवारी ती गावाला जाऊन माझ्या इंची टेपनं सगळं मोजून आली. छप्पर ३८ बाय १९ फूट, उतार एकाच बाजूला, मागची भिंत ९ फूट, टाकी शाळेत आधीपासून होती ती १,००० लिटरची. मामांनी तिला एक साधा हिशेब सांगितला: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की ते एक लिटर पाणी. बाकीचं तिनं काउंटरवरच मांडलं. ७२२ चौरस फूट म्हणजे ६७ चौरस मीटर. २५ मिलिमीटरचा एक चांगला पाऊस झाला तर १,६७५ लिटर. उडून, सांडून, पत्रा भिजण्यात पाचवा हिस्सा गेला तरी १,३४० उरतात. म्हणजे एका पावसात टाकी भरून वाहते. वर्षाला ७०० मिलिमीटर धरले तर साडेसदतीस हजार लिटर. मामा गिऱ्हाईक सोडून तिचं गणित बघत होते. कुठं थांबली तर नुसतं "हं" म्हणायचे. उत्तर एकदाही सांगितलं नाही.

परत येताना ती रिक्षात बराच वेळ बोटं मोजत होती. मग म्हणाली, "आई, अशी तेरा-चौदा छपरं असली तर वर्षाला ती पहिली रेल्वे भरते." नोंदवहीतलं घागरीचं मला आठवलं आणि काही बोलता आलं नाही.

तयार पन्हळीचा भाव काढला तर ब्रॅकेटसकट ११ हजारांच्या वर जात होता. एवढे पैसे मुलींकडं नव्हते. दुसरा कुणी दुकानदार म्हणाला असता, पैसे जमले की या. मामांनी सांगितलं, सहा इंची पाइप घे, २० फुटी, आणि उभा चिरून दोन फाका कर. दोन फाका एकापुढं एक ठेवल्या की तुझी ३८ फुटांची पन्हळ झाली, सांध्याला अर्धा फूट एकावर एक चढवूनही पुरते. एका पाइपात काम. स्वतःचा गल्ला कमी करून त्यांनी हा रस्ता दाखवला, आणि वर हेही सांगितलं की चिरलेली फाक उन्हानं वाकते, म्हणून दर तीन फुटांवर पट्टीचा क्लॅम्प हवाच, त्यात कंजुषी करायची नाही. १४ क्लॅम्प. ते शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून वाकवून घ्यायला लावले, कारण मामांकडं मिळणाऱ्या तयार क्लॅम्पची पट्टी पातळ होती आणि ते त्यांनी स्वतःहून सांगितलं.

पैशाचं थोडक्यात सांगते. 'खरी कमाई'तून, म्हणजे गाईडच्या मुलींनी स्वतः काम करून मिळवायच्या पैशातून, उभे केले. माझ्याकडं ब्लाऊजपिसांच्या चिंध्या पोत्यानं असतात. संघातल्या सात मुलींनी हिवाळाभर त्यांच्या पिशव्या शिवल्या, २० रुपयाला एक. मी फक्त मशीन दिली आणि सुया मोडल्या तेव्हा गप्प बसले. २२ फेब्रुवारीला, स्काऊट-गाईड चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या जन्मदिवशी गाईडच्या मुली चिंतन दिवस पाळतात, त्या दिवशी त्यांनी बाईंपुढं हिशेब ठेवला: ७,२६० रुपये.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाइप घेतला. पाइप चिरायला ग्राइंडर लागतो. ती म्हणाली, मी चिरते. मामांनी ठाम नाही म्हटलं. "हे चाक बोट बघत नाही. आखून तू दे, चिरून आमचा पोऱ्या देईल." मग आखायचं कसं, यावर खरी गंमत झाली. गोल पाइपावर सरळ रेघ ओढणं अवघड असतं, पट्टी टेकतच नाही. तिनं दोरा दोन्ही टोकांना ताणून धरला, त्याच्या कडेनं माझ्या टेलरिंगच्या खडूनं रेघ मारली. एक रेघ झाली. दुसरी बरोबर समोरच्या अंगाला पाहिजे, नाहीतर एक फाक रुंद आणि एक अरुंद. थोडा वेळ ती पाइपाभोवती फिरली. मग दप्तरातून इंची टेप काढून पाइपाला कमरेला गुंडाळावा तसा गुंडाळला. पावणेवीस इंच. त्याचं अर्धं, दहाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, कमी. दर दोन फुटांवर तेवढं मोजून खूण, खुणेवरून दोरा, दोऱ्यावरून खडू.

मामा म्हणाले, "हे कुठं शिकलीस?"

"आई कमरेचं माप असंच अर्धं करते."

वीस वर्षं मी हे माप घेतेय. त्या दिवशी दुकानात उभ्या असलेल्या तीन-चार बाप्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मला पदर सावरायचं सुचलं नाही, सरळ उभी राहिले.

पन्हळ लावायचं काम मेच्या पहिल्या शनिवार-रविवारी झालं. कॅप्टन बाई होत्या, गावातला वायरमन भोकं पाडायला होता, शिडी धरायला माझा भाऊ. बाकी सगळं मुलींनी केलं. फाक वर तोलून धरायला त्यांनी दोन बांबू रोवले आणि क्लोव्ह हिच मारून आडवी काठी बांधली. त्या गाठीवर अख्खी फाक पेलली. क्लॅम्प मात्र त्यांनी डोळ्याच्या अंदाजानं लावले. खालून बघताना मला दिसत होतं की पाचवा क्लॅम्प खाली आलाय. शिवणाऱ्या बाईचा डोळा असतो, गळ्याची पट्टी दोन सूत कमीजास्त झाली तरी टोचते. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. बाईंचं बोलणं आठवलं. पण घरी आल्यावर राहवेना. संध्याकाळी मामांना फोन लावला.

"मामा, माझी लेक उद्या उरलेलं फिटिंग न्यायला येईल. तिला जरा बोलण्या-बोलण्यात सांगा, उतार बघ म्हणून. मी सांगितलं असं म्हणू नका."

मामा थोडे थांबले. म्हणाले, "ताई, तिनं विचारलं तर समदं सांगतो. न विचारता सांगितलं तर ते काम माझं होतंय."

मला राग आला. परक्या माणसानं मला माझ्या लेकीबद्दल सांगावं, याचा राग. पोरगी दुसऱ्या दिवशी गेली, फिटिंग आणलं, उताराचं विचारलं नाही, मामांनी सांगितलं नाही. रात्रभर मला तो पाचवा क्लॅम्प दिसत होता.

२०२५ मध्ये मे महिन्यातच पावसानं गाठलं. महिना निम्मा व्हायच्या आत गावाकडून भावाचा फोन आला, आभाळ भरून आलंय. थोरली म्हणाली, चल. आम्ही पोचलो तेव्हा वारा सुटला होता, पाचेक मिनिटांत वळीव कोसळला. पन्हळीत पाणी आलं, पळालं, आणि पाचव्या क्लॅम्पपाशी साचून वरून उसळलं. टाकीकडं जेमतेम बोटभर धार, आणि मधल्या भिंतीवर धबधबा. वर्गात पाणी शिरलं, कोपऱ्यातल्या तक्त्यांच्या गुंडाळ्या भिजल्या. ती पावसात उभी राहून बघत होती. मी छत्री घेऊन गेले तर म्हणाली, "थांब, मला बघू दे कुठं कुठं सांडतंय." पाऊस थांबेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग शिक्षकांना फोन करून सांगितलं, माझ्यामुळं तक्ते भिजले, मी नवे करून देईन. आवाज कापत होता, पण फोन माझ्याकडं दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी आम्ही शटरसमोर उभ्या. आता तिनं विचारलं. मामांनी पंधरा मिनिटं दिली, आणि ती पंधरा मिनिटं या दुकानातली सगळ्यात मोलाची. एक पारदर्शक नळी काढली, पाण्यानं भरली, "बुडबुडा राहिला तर सगळं खोटं सांगती ही," म्हणून बुडबुडा काढायला शिकवलं. नळीचं एक टोक काउंटरच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला. दोन्ही टोकांत पाणी जिथं थांबेल ती एक पातळी, मधे भिंत येवो नाहीतर खांब. तिथून दर १० फुटांना एक इंच खाली यायचं. ३८ फुटांना जवळपास चार इंच. मग तिला स्वतःच्या दुकानाची मागची फळी मोजायला लावली. फळी अर्धा इंच कलती निघाली. मामा म्हणाले, "तीस वर्षांत मला कळलं नव्हतं."

नळी भाड्यानं मागितली तर पैसे घेतले नाहीत, वहीत तिचं नाव लिहून दिली. माझं नाव विचारलं नाही. मुलींनी दोन दिवस घालवून चौदाच्या चौदा क्लॅम्प काढले आणि खुणांवर परत लावले. उन्हानं पत्रा तापलेला, हात भाजत होते, त्यांनी बोटांना ओल्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. मी सावलीत बसून तक्ते गुंडाळायला कापडी पिशव्या शिवल्या. ते मला करायला परवानगी होती.

मामांना मी नंतर कधी त्या फोनबद्दल बोलले नाही. त्यांनीही विषय काढला नाही. पण तिच्या नोंदवहीत पाण्याच्या पातळीवर चार पानं आहेत, आकृत्यांसकट, आणि त्या पानांवर एकही खाडाखोड नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी शीर्षक दिलं ती. जूनमध्ये टाकीत पहिलं पाणी भरलं ते काळपट निघालं. लिंबाचा पाला, धूळ, पाखरांची घाण. पहिला पाऊस छप्पर धुतो, तो टाकीत घ्यायचाच नसतो. त्यासाठी टाकीच्या आधी एक उभा बंद पाइप जोडायचा. पहिलं घाण पाणी त्यात उतरतं, तो भरला की पुढचं स्वच्छ पाणी टाकीकडं वळतं. खाली फिरकीचं झाकण, पाऊस थांबल्यावर उघडून रिकामं करायचं. हे ती बाईंकडून समजून आली होती. अर्धा मिलिमीटर पाऊस सोडायचा म्हटलं तर ६७ चौरस मीटरचे ३३ लिटर. सहा इंची पाइप किती लांब घेतला तर त्यात ३३ लिटर मावतील, हे तिनं वर्गातल्या वृत्तचितीच्या सूत्रानं काढलं. सहा फूट.

लातुरात मी चार ठिकाणी विचारलं. पाइप तोडून देत नाही, २० फुटी पूर्ण घ्या. मामांनी तुकडा कापून दिला, फुटावर पैसे घेतले, कापलेली कड कानशीनं घासून दिली. तिनं विचारलं, उरलेल्या १४ फुटांचं काय करता? म्हणाले, तुझ्यासारखं कुणीतरी १४ फूट मागायला येतंय की. ज्यांची कामं छोटी आहेत, ज्यांच्याकडं मोजकेच पैसे आहेत, त्यांच्यासाठी ही एक सोय सोन्यासारखी आहे. घरातली मोरी दुरुस्त करायची असेल, गोठ्यात दोन फूट नळी पाहिजे असेल, तरी इथं जा.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. एकदा दिलेला पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडला तर आत घट्ट झालेला होता. शिक्का जुना होता, न बघता दिला गेला. बदलून लगेच दिला, वाद नाही, पण गावाहून लातूरला येण्या-जाण्यात मुलींचा आख्खा दिवस गेला आणि भाड्याचे पैसे त्यांच्या हिशेबातून गेले. डबा दुकानातच उघडून बघा. दुसरं, बिल साध्या चिठ्ठीवर देतात. शाळेच्या दप्तराला पक्कं बिल लागत होतं, ते मागितल्यावर मिळालं, पण तीन फेऱ्यांनंतर. आधीच सांगून ठेवा. जूनमध्ये सकाळी अजिबात जाऊ नका, पेरणीच्या तोंडावर शेतकरी तुषार आणि ठिबकचं सामान न्यायला येतात, पाय ठेवायला जागा नसते, आणि मामाही त्या वेळी कुणाशी धड बोलत नाहीत. तेव्हा दुपारी दोननंतर जावं. बोळात गाडी लावता येत नाही. सोमवारी बंद. फोन दहादा केला तर एकदा उचलतात, माझा तो मे महिन्यातला फोन नेमका उचलला, हे माझ्या लेकीचं नशीब.

एक काम अर्धं राहिलं तेही सांगते. टाकी भरल्यावर वाहणारं पाणी बोअरजवळ शोषखड्ड्यात सोडायचं ठरलं होतं. वर काळी माती, मग मुरूम, आणि साडेतीन फुटांवर काळा पाषाण लागला. पहार टणटण वाजायला लागली. मुलींनी दोन दिवस झटून बघितलं, मग बाईंशी बोलून सोडलं. आता ते पाणी चर काढून शाळेच्या लिंबांना जातं. मोठ्या माणसांना बोलावून मशीन लावून खड्डा झाला असता. तिनं नोंदवहीत 'झाले नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहिलंय. मला त्या दोन शब्दांचा अभिमान आहे.

जुलैपासून टाकीचं पाणी हात धुवायला, भांड्यांना, संडासाला वापरतात. प्यायला वापरू नये, अशी पाटी मुलींनी नळावर रंगवलीय. पहिल्या पाण्याचं झाकण उघडायची पाळी चौथीच्या लेकरांकडं आहे, त्यांचा तक्ता भिंतीवर आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं जे केलं ते सगळ्यांनी बघितलंय. भावाचंही सोयाबीन पाण्यात गेलं. त्या दिवसांत पन्हळीचं नाव काढायला माझी जीभ रेटत नव्हती, एवढं पाणी असताना पाणी साठवायचं कौतुक कुणाला सांगावं. थोरली मात्र पाऊस उघडल्यावर मामाकडं, माझ्या भावाकडं, राहायला गेली, शेतातला गाळ काढायला हात लावला आणि येताना शाळेत जाऊन सगळे क्लॅम्प चाचपून आली. नववा सैल झाला होता. आवळला. दहावीचं वर्ष आहे म्हणून नातेवाईक मला बोलतात, हिला एवढं फिरू का देतेस. मी त्यांना नोंदवही दाखवते. १२८ तास आहेत तिच्यात. तास तिनं मोजलेत, मी नाही.

अकरावी फेरी ऑगस्टमध्ये झाली होती, नळी परत करायला. सोबत दोन कपलर आणि एक एल्बो उरला होता, न वापरलेला. मामांनी माल उलटून-पालटून बघितला, परत खणात टाकला, वहीतलं तिचं नाव खोडलं आणि ११५ रुपये मोजून काढले. मी जवळ उभी होते, सवयीनं माझा हात पुढं झाला. त्यांनी पैसे तिच्या तळहातावर ठेवले. तिनं ते दोनदा मोजले, नोंदवहीत जमेला लिहिले, आणि बोळाच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात थांबून शाळेच्या नळाजवळ ठेवायला साबणाच्या वड्या घेतल्या.